खर्ड्याहून निघालेली वाट

रात्रीची जेवणं आटोपली की जामखेडसारख्या तालुक्याच्या गावातही हातातल्या मोबाईलवर जग उघडतं. कुणी रोमन साम्राज्याचा ऱ्हास वाचतो, कुणी सुएझचा कालवा कसा खणला ते बघतो. त्याला परीक्षा द्यायची नसते, पगारवाढही मिळायची नसते. निव्वळ हौस. या हौसेला टाइमपास म्हणून मोडीत काढणं मला मान्य नाही. केतकरांनी ज्ञानकोशासाठी, लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोशासाठी वर्षानुवर्षं खपून काम केलं, ते अशाच वाचकासाठी. ते जाडजूड खंड विकत घेणं सामान्य घराला कधी परवडलं नाही. आज दोन्ही कोश फोनवर फुकट वाचता येतात. ही छोटी गोष्ट नव्हे.

तरीही यातलं बरंचसं दुसऱ्या दिवशी आठवत नाही. पुढचा व्हिडिओ कोणता, हे आपण ठरवलेलं नसतं. मग उत्तरं मिळत जातात आणि प्रश्न मात्र आपला नसतो. आपला प्रश्न बहुधा पायाखालीच सापडतो.

जामखेड तालुक्यातलं खर्डा घ्या. मार्च १७९५ मध्ये तिथे मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. मराठे जिंकले, एवढ्यावर शाळेतला धडा संपतो. हौशी वाचक पुढे गेला, तर त्याला दिसतं की निजामाच्या कवायती पलटणी रेमंड नावाच्या फ्रेंचाच्या हाताखाली होत्या आणि शिंद्यांच्या पलटणींवर पेराँ हा दुसरा फ्रेंच होता. आपल्या माळावर हे दोघे समोरासमोर कसे आले? इथून वाट युरोपात जाते, फ्रान्समधल्या राज्यक्रांतीकडे, इंग्रज-फ्रेंच वैराकडे. आणि तिथून परत हैदराबादेत येते. गव्हर्नर जनरल जॉन शोर तटस्थ राहिला, निजामाच्या मदतीला इंग्रज आले नाहीत. दुखावलेल्या निजामाने रेमंडचं बळ वाढवलं. तेच नंतरचा गव्हर्नर जनरल वेलस्ली याला खुपलं आणि १७९८ मध्ये त्याने निजामाच्या गळ्यात तैनाती फौज बांधून फ्रेंच पलटणी मोडून काढल्या. मराठ्यांनी जिंकलेल्या लढाईनंतर तीनच वर्षांत दख्खनमध्ये पाय रोवले ते इंग्रजांनी. हे ज्याने स्वतः शोधून जुळवलं, तो ते विसरणार नाही.

मात्र एकट्याने जुळवलेलं ज्ञान एकट्यापाशीच राहिलं तर ते कच्चं राहतं, असं मला वाटतं. याचा पुरावाही जामखेडमध्येच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बायका, बऱ्याचशा निरक्षर, कित्येक दलित, जामखेडला येऊन शरीर, बाळंतपण, जुलाब, कुपोषण यांविषयी शिकत आणि गावी परतून तेच घरोघर सांगत. सांगताना सासवा उलट विचारत, पुरुष शंका काढत. उत्तर आलं नाही, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारावं लागे. १९७१ मध्ये या भागात जन्मलेल्या हजार मुलांमागे सुमारे १७६ पहिल्या वर्षातच दगावत. पुढच्या काही दशकांत हे प्रमाण कितीतरी खाली आलं. अक्षरओळख नसलेल्या बाईने ज्ञान पचवलं, कारण तिला ते कुणाला तरी समजावून द्यायचं होतं.

हौशी माणसाला एवढी जबाबदारी नसते, हे खरं. पण कट्ट्यावर, शेताच्या बांधावर, घरी जेवताना सांगायला काय हरकत आहे? समजा, त्याने दख्खनच्या लाव्ह्याबद्दल वाचलं: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचले, त्यांचाच हा काळा पाषाण. हे त्याने चुलत्यांना सांगितलं, की ते पहिल्यांदा विचारतील, "मग शेजारच्या बोअरला पाणी लागलं आन् आपली कोरडी का गेली रं?" लाव्हा कसा उसळला, हे सांगून इथे भागत नाही. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते राहतं भेगांत, झिजलेल्या थरांत, दोन प्रवाहांच्या सांध्यात, आणि शेजारच्या बोअरपासून शंभर फुटांवर ती भेग असेलच असं नाही. एवढं कळायला त्याला पुन्हा वाचायला बसावं लागेल, आणि या वेळी काय शोधायचं ते त्याला ठाऊक असेल.