लोण्याचा मनोरा

गेल्या उन्हाळ्यात पॅरिसला भाच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. एका रविवारी तो म्हणाला, "मामा, आज रूआंला जाऊ." आगगाडीने दीड तासाचा रस्ता. सीन नदीकाठी वसलेले हे नॉर्मंडीतले जुने शहर. लाकडी चौकटींची, एकमेकांना खेटून उभी असलेली घरे, आणि त्या साऱ्यांवर मान उंचावून पाहणारे कॅथीड्रल. चित्रकार मोने याने १८९२ ते १८९४ या काळात याच देवळाची तिसाहून अधिक चित्रे रंगवली.

दर्शनी बाजूला दोन मनोरे आहेत, पण ते जुळे नव्हेत. डावा जुना आणि साधा. उजवा दगडाची जाळी विणावी तसा. "या उजव्याला लोण्याचा मनोरा म्हणतात," भाचा म्हणाला. मला वाटले, पिवळसर दगडामुळे म्हणत असतील. पण परंपरा सांगते ती गोष्ट निराळीच निघाली.

ईस्टरपूर्वी चाळीस दिवस उपवासाचे. त्या दिवसांत मांसाबरोबर दूधलोणीही वर्ज्य असे. दक्षिणेकडे ऑलिव्हचे तेल मुबलक, तिथे हा नियम फारसा जड नव्हता. नॉर्मंडी ही गाईगुरांची भूमी; लोणी नाही तर घास कोरडा. तेव्हा धर्मपीठाने तोड काढली: दान द्या आणि लोणी खा. त्या पैशांच्या आधाराने १४८५ ते १५०६ या काळात हा मनोरा उभा राहिला म्हणतात.

आम्ही दोघे हसलो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणणाऱ्या घरात वाढलेल्यांनी खरे तर हसू नये!

तिथून जवळच्याच रस्त्यावर एका कमानीवर मोठे घड्याळ आहे. त्याचे यंत्र १३८९ सालचे. तबकडीवर काटा एकच, तासाचा. मिनिटांची विचारपूस नाही. त्याच्यासमोर उभा राहिलो आणि माझे हसू मावळले.

पंधरा वर्षांपूर्वी आमच्या शाळेत उशिरा येणाऱ्यास दोन रुपये दंड बसवावा, ही कल्पना माझी. जमलेल्या पैशांतून टोल्यांचे एक देखणे घड्याळ घेतले. एका सधन घरच्या मुलाने तर नोट पुढे करून म्हटले होते, "सर, महिन्याचे एकदम घ्या." सारा वर्ग हसला, मीही हसलो. त्याच वर्गात पहाटे घरोघर दूध टाकून येणारा एक मुलगा होता. त्याला दहा मिनिटे उशीर होई. दंड सुरू झाल्यावर तो फाटकापर्यंत येई आणि परत जाई. पुढे येईनासाच झाला. हजेरीवर मी 'गैरहजर' लिहीत राहिलो. घरी जाऊन विचारले मात्र नाही.

वाचकहो, चुकीला किंमत लावली की ती काहींना परवडते, काहींना परवडत नाही. मग नियम उरतो तो फक्त न परवडणाऱ्यांसाठी. रूआंतही पैसे देऊन लोणी खाणारे होते, तसे कोरडा घास गिळणारेही असतील. मनोरा आठवण ठेवतो ती पहिल्यांची.

म्हणून तो मनोरा खोटा म्हणावा काय? तसे माझे मन म्हणत नाही. पाथरवटांचे हात प्रामाणिक होते. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत कॅथीड्रल जबर जखमी झाले, तेव्हा लोकांनी ते जिव्हाळ्याने पुन्हा सावरले. वास्तू आपल्या पैशाच्या उगमापेक्षा मोठी होऊ शकते. पण तिच्या देखणेपणाने जुने देणे फिटत नाही, एवढे मात्र खरे.

परतल्यावर शिक्षकांच्या बैठकीत मी दंड बंद करण्याचा ठराव मांडला. "मग मुले वेळेवर कशी येतील?" एका सहकाऱ्याने विचारले. मी म्हणालो, "उशीर का झाला, ते आधी विचारू या." ठराव संमत झाला.

तो दूध टाकणारा मुलगा आज कुठे आहे, मला ठाऊक नाही. घड्याळ मात्र अजून बरोबर चालते. त्याचे टोले पडू लागले की माझी नजर अजूनही फाटकाकडे जाते.