कुणाचं तरी लक्ष असेलच

दुबई मरीना हा माणसाने घडवलेल्या पाण्याचा परिसर. वाळवंटात तीनेक किलोमीटरचा कालवा खोदून समुद्र आत घेतला, आणि काठावरच्या बहुतेक टॉवरांना पोहण्याचे तलावही आले. शनिवारी ऊन उतरलं की आपल्या मराठी घरांतले वाढदिवसही तिथेच, पूलकाठी रंगतात. आई केकच्या टेबलापाशी, बाबा पाहुण्यांत, मावशी फोटो काढण्यात. इतकी मोठी माणसं भोवती असताना काळजी कसली, असं प्रत्येकालाच वाटतं. मला भीती वाटते ती नेमकी या वाटण्याची.

कारण बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्यावर येतं तेवढ्यात श्वास घेणंच जेमतेम जमतं, मग हाक कुठून मारणार? हात वर होत नाहीत, दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकाने हे बारकाईने टिपून ठेवलं आहे. लांबून पाहणाऱ्याला पोर खेळतंय असंच वाटतं, आणि मिनिटभरात सगळं आटोपतं. 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली. त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांच्या आतली होती.

बांगलादेशातल्या खेड्यांनी यावर उपाय केला. घरची माणसं सकाळी कामात गुंतलेली असतात तेव्हाच लहानगी तळ्यात पडतात, म्हणून 9 ते 1 गावातल्याच एका बाईकडे मुलं सोपवायची. अशा ‘आँचल’ केंद्रांतल्या मुलांच्या बुडण्याचं प्रमाण सुमारे 80 टक्क्यांनी घटलं. पैसा फारसा लागला नाही. जबाबदारी कुणाची आणि किती वाजेपर्यंत, हे ठरलं.

आपल्याकडे ते ठरत नाही. उलट काही विपरीत घडलं की बोट नॅनीकडे जातं. तिच्या हातात धाकट्याची बाटली, खांद्यावर पिशवी. तिला पोहता येतं का, हे अनेकदा कुणी विचारलेलंही नसतं. हा उघड अन्याय आहे. लाईफगार्डलाही सगळाच तलाव सांभाळायचा असतो. म्हणून फोन बाजूला ठेवून कुणीतरी मोठ्याने म्हणावं, “पुढची पंधरा मिनिटं मी बघतोय”, आणि हात पोचेल इतक्या अंतरावर बसावं. दुसऱ्याने “हो, आता मी” म्हटल्याशिवाय उठू नये.

हीच मुलं सुटीत गावी येतात. शेततळ्याचं प्लास्टिक इतकं निसरडं असतं की मोठ्या माणसालाही वर येणं अवघड. कुंपण घातलंय का, आत दोर सोडलाय का, हे आजोबांना तिकीट काढतानाच विचारावं.