पाहणाऱ्याचा वाटा

‘प्रेक्षक’ या शब्दाला आपल्या मनात एक निरुपद्रवी अर्थ चिकटलेला आहे. जो काही करीत नाही, नुसते पाहतो, त्याच्या हातून पापही घडत नाही आणि पुण्यही, असे आपण धरून चालतो. हे गृहीत तपासून पाहावे असे मला प्रथम वाटले ते बहारीनच्या वाळवंटात, मोटारींच्या शर्यतीच्या वेळी.

नोकरीनिमित्त आखातात राहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको, की तेथील जीवन हेच मुळी प्रेक्षकाचे जीवन असते. तेथे आपल्याला मत नाही, मालकी नाही. करार संपला की सामान बांधायचे. शुक्रवारी सुट्टी असते म्हणून रविवारची मिस्सा शुक्रवारी ऐकायची, महिनाअखेर घरी पैसे पाठवायचे, आणि समोर जे घडेल ते दुरून पाहायचे. या दूरपणात एक प्रकारचा आरामही असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

४ एप्रिल २००४ रोजी साखीर येथे मध्यपूर्वेतील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा आम्हीही त्या गर्दीत होतो. योगायोग असा, की तो झावळ्यांचा रविवार होता. मनामा शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर, ओसाड वाळूत, सुमारे ५.४ किलोमीटर लांबीची ती वळणावळणांची वाट. तिच्या ५७ फेऱ्या. वाळू उडून रस्त्यावर येऊ नये म्हणून कडेच्या वाळूवर चिकट द्रव फवारला होता. दहा सिलिंडरच्या त्या इंजिनांचा आवाज कानांनी ऐकायचा नसतोच. तो छातीच्या पिंजऱ्यात शिरतो आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही तेथेच घुमत राहतो. घरातल्या दूरदर्शन संचाने यातले काहीच कळवले नव्हते. मायकेल शूमाकर जिंकला आणि विजेत्यांनी शॅम्पेनऐवजी गुलाबपाण्याचे पेय एकमेकांवर उडवले.

माझे लक्ष मात्र वारंवार आजूबाजूच्या रांगांकडे जाई. गाड्या सुरळीत धावत तोवर माणसे शीतपेये पीत, गप्पा मारीत, घड्याळाकडे पाहत. वळणावर दोन गाड्या एकमेकींना खेटल्या, की सारी गॅलरी क्षणात उठून उभी राही. त्या उठण्यात काळजी किती होती आणि आशा किती? बाजूला उभ्या असलेल्या माझ्या मुलाने साध्या कुतूहलाने विचारले, “पप्पा, आज कोणी आपटेल का?” तो निरागस होता. परंतु तोच प्रश्न हजारो प्रौढांच्या डोळ्यांत न बोलता उभा होता.

संत अगस्तीन यांनी ‘कन्फेशन्स’च्या सहाव्या पुस्तकात आपल्या मित्राची, आलिपियसची, हकीकत सांगितली आहे. उत्तर आफ्रिकेतील ठागास्ते गावचा हा तरुण कायद्याच्या शिक्षणासाठी रोमला राहत होता. म्हणजे आपल्यासारखाच परगावी. मित्रांनी त्याला ओढून ग्लॅडिएटरांच्या झुंजींना नेले. शरीर न्या, मन नेता येणार नाही, अशा आविर्भावात तो डोळे मिटून बसला. पण कोणीतरी कोसळला, जमावाने आरोळी ठोकली, आणि याचे डोळे उघडले. मग ते मिटेनात. पुढे हाच आलिपियस बिशप झाला, ही गोष्ट वेगळी. मला त्या प्रसंगात महत्त्वाचे वाटते ते हे, की त्याने कोणावर तलवार उगारली नव्हती. तो फक्त आरोळी ठोकणाऱ्यांपैकी एक झाला होता.

यावर कोणी म्हणेल, रोमचे ग्लॅडिएटर बहुधा गुलाम वा कैदी. हे चालक स्वेच्छेने, भरभक्कम मोबदला घेऊन गाडीत बसतात. हा फरक मोठा आहे आणि मला तो मान्य आहे. परंतु धोका किती असावा हे केवळ चालक ठरवीत नाहीत. पाहणाऱ्यांची आवडही ठरवते. १९६६ साली बेल्जियमच्या स्पा येथील अपघातातून वाचलेल्या जॅकी स्ट्युअर्टने सुरक्षेसाठी आग्रह धरला, तेव्हा त्याने खेळातील थरार घालवला अशी टीका त्याच्यावर झाली. २०१८ साली चालकाच्या डोक्याभोवतीची ‘हेलो’ नावाची कमान सक्तीची झाली, तेव्हा ती कुरूप दिसते म्हणून असंख्य शौकिनांनी नाके मुरडली. माणसाची कवटी आणि गाडीची शोभा एकाच तराजूत घालणारा हा शौक मला अस्वस्थ करतो. प्रेक्षक बाहेर असतो हा भ्रमच. जून १९५५ मध्ये फ्रान्समधील ले मां येथे एक गाडी उसळून गर्दीत शिरली आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली, त्यांत बहुतेक सारे प्रेक्षकच. शर्यत थांबवली नाही. लोक एकदम परतू लागले तर रुग्णवाहिकांचा रस्ता अडेल, असे कारण दिले गेले. ते कदाचित योग्यही असेल. पण उरलेल्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती पाहिली, याला कोणते कारण द्यावे?

बहारीनच्या शर्यतीला आणखी एक बाजू आहे. २०११ साली देशातील निदर्शनांमुळे ती रद्द झाली. २०१२ साली निदर्शने चालू असतानाच ती भरवली गेली. गावांमध्ये अश्रुधूर आणि साखीरला इंजिनांचा घोष. आम्हा परदेशस्थांचे उत्तर तयार होते: आपण परके, आपला काय संबंध? व्हिसावर जगणाऱ्या माणसाने रस्त्यावर उतरावे असे मी म्हणणार नाही. मुलाबाळांची भाकरी पणाला लावण्याचा उपदेश दुसऱ्याला करणे सोपे असते. तरीही तिकीट काढणे आणि न काढणे, एवढे तर परक्याच्याही हाती होतेच.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी त्याच वाटेवर रोमां ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून दुभंगली आणि पेटली. महासाथीमुळे गॅलरी जवळजवळ रिकामी होती. २८ सेकंदांनी तो ज्वाळांतून बाहेर आला, डॉ. इयन रॉबर्ट्स त्याला धरायला आगीच्या तोंडाशी उभे होते. ज्या कमानीने त्याचे डोके वाचवले, तिला आरंभी त्याचाही विरोध होता.

अशा वाटेच्या प्रत्येक वळणावर मार्शल उभे असतात. बहारीनमध्ये त्यांत तेथे राहणारे अनेक परदेशी स्वयंसेवक असतात, भारतीयही. आमच्या मिस्सेला येणारा एक गृहस्थ त्यांपैकी होता. तळपत्या उन्हात, अंगभर जाड पोशाखात, अग्निशामक नळकांडे जवळ घेऊन तो तासन्‌तास एकाच वळणाकडे पाहत असे. शर्यत कशी झाली, असे एका शुक्रवारी मी त्याला विचारले. तो म्हणाला, “कोण जिंकले ते मला रात्री घरी गेल्यावर कळले. आमच्या वळणावर कोणाला काही झाले नाही.”