देवाच्या नावावर बोललेला शब्द



२०२० चा आषाढ आठवतो ना? त्या वर्षी पायी वारी झाली नाही. मानाच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या आणि आपण घरी बसून हरिपाठ म्हटला. त्याच्या थोडे आधी, जून महिन्यात, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले.

लोणासुराला विष्णूने मारले, ही आपल्याकडची जुनी कथा. दैत्यसूदनाचे देऊळ आजही लोणारात उभे आहे. ती कथा मनात होती, म्हणून ओट्यावर बसलेल्या चौघांना मी सांगून टाकले, "हा देवाचा कोप आहे." ऐकणाऱ्यांत एक म्हातारी माय होती. तिचा मुलगा दवाखान्यात होता. ती हळूच म्हणाली, "महाराज, मंग माह्या पोरानं काय पाप केलं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते.

इकडे वनखात्याने पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरीकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही यात लक्ष घातले. आघारकर संस्थेच्या तपासणीत कारण सापडले. पाणी आटून खारटपणा वाढला होता. अशा खारट पाण्यात वाढणारे, डोळ्यांना न दिसणारे 'हॅलोआर्किया' नावाचे जीव फोफावले होते. त्यांच्या अंगी गुलाबी रंग असतो. ते तळाशी बसले की पाणी पुन्हा नितळ होते.

म्हणजे कोप नव्हता. माझे अज्ञान होते, आणि ते मी देवाच्या नावावर खपवले होते.

माउली, प्रश्न विज्ञान मोठे की देव मोठा, हा नाहीच. प्रश्न आपल्या जिभेचा आहे. गळ्यात तुळशीची माळ असली की आपल्या शब्दाला वजन येते. लोक तो तपासून न पाहता स्वीकारतात. मग तो तपासण्याची जबाबदारी कोणाची? आपलीच ना?

अभ्यासकही चुकतात. लोणारचे विवर ज्वालामुखीने झाले, असे पूर्वी त्यांच्यातले कित्येक मानत. पुढे तिथल्या खडकात प्रचंड आघातानेच तयार होणारी काच सापडली आणि उल्केच्या आघाताने विवर झाले, हे मान्य झाले. पुरावा समोर येताच त्यांनी जुने मत सोडले. 'मी चुकलो' म्हणायला अहंकार सोडावा लागतो, आणि आपण तर रोज एकमेकांच्या पाया पडून तेच शिकतो.

कोणी म्हणेल, कारण कळले की नवल संपते. माझे तर वाढले. इतक्या खाऱ्या पाण्यात त्याने जीव पेरला आणि त्याला रंगही दिला! कोप म्हटले तेव्हा मी फक्त घाबरलो होतो. कारण कळल्यावर सरोवराची काळजी वाटू लागली. आता तिथे गेलो की धारेच्या पाण्यात साबण जाऊ देत नाही, निर्माल्य काठावर टाकत नाही.

त्या मायचा मुलगा बरा होऊन घरी आला. तरी मी तिच्या दारी गेलो, पाया पडलो आणि म्हणालो, "माय, मी चुकीचं बोललो होतो. तुझ्या पोराचं काही चुकलं नव्हतं." ती काही बोलली नाही. पदराने डोळे पुसले आणि चहा ठेवला.

माउली, तुमच्या तोंडून असा एखादा शब्द गेला असेल, तर पुढच्या एकादशीआधी त्या दारी जाऊन या.

पुंडलीक वरदे हरी विठ्ठल!