सुवर्चेला कुणी विचारलं नव्हतं

घाटावरच्या कितीतरी गावांत महादेवाच्या देवळाबाहेर वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत पडलेला वीर, वर लढाई, मग त्याला नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर शिवलिंगाची पूजा. एका दगडात त्याची सगळी गोष्ट. शेजारी सतीशिळा असली, तर तिच्यावर कोपरात वाकलेला एकच हात, चुडा भरलेला. लहानपणी मला तो आशीर्वादाचा हात वाटायचा. चुडा फुटला नाही, म्हणजे ही विधवा झालीच नाही, असं तो हात सांगतो हे फार उशिरा कळलं. मागे उरून म्हातारी झालेली बाई या दगडांत कुठेच नाही.

सावित्रीबाई खानोलकरांविषयी वाचताना ते दगड आठवले. परमवीर चक्र घडवणारी ही बाई १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेलला जन्मली. माहेरचं नाव इव्ह इव्होन. वडील हंगेरियन, आई रशियन. सँडहर्स्टला शिकणाऱ्या विक्रम खानोलकर या मराठी तरुणाशी ओळख झाली आणि १९३२ साली लखनौला लग्न. मग ती सावित्री झाली, संस्कृत शिकली, पुराणांत रमली. हे नाव तिनं घ्यावं याची मला आधी गंमत वाटली होती. यमाच्या मागे चालत जाऊन नवऱ्याला परत आणणारी सावित्री आणि फौजी नवऱ्याची बायको!

स्वातंत्र्यानंतर नव्या शौर्यपदकांचं काम मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे होतं. त्यांनी ते सावित्रीबाईंकडे सोपवलं. बाईंना आठवला दधीची. वृत्रासुराला मारण्यासाठी वज्र हवं होतं आणि ते घडवायला या ऋषीनं आपली हाडं दिली. कांस्याच्या छोट्या चकतीवर मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं, वर जांभळी फीत. वीरगळावरच्या अप्सरा गेल्या; स्वर्गाच्या बक्षिसाऐवजी देण्याची कृती तेवढी उरली. वीराच्या कल्पनेत झालेला हा बदल मला फार मोठा वाटतो.

पण शिवपुराणात ती कथा पुढेही चालते. दधीचीला सुवर्चा नावाची बायको होती. देव हाडं मागायला आले तेव्हा तिला कुणी विचारलं नाही. नवरा गेल्याचं कळल्यावर तिनं देवांना शाप दिला आणि चिता रचली. पोटात मूल असल्यामुळे आकाशवाणीनं तिला थांबवलं. पिप्पलाद जन्मला, त्याला पिंपळापाशी ठेवून ती नवऱ्यामागे गेली. म्हणजे पुन्हा सतीशिळाच. सावित्रीबाईंना सुवर्चा ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पण एवढ्याशा चकतीवर संतापलेल्या बाईला जागा कुठून मिळणार?

त्या चकतीची दुसरी बाजू त्यांच्याच गोतावळ्यात होती. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना मिळालं. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम इथं ते धारातीर्थी पडले होते. सोमनाथ म्हणजे सावित्रीबाईंच्या लेकीचे थोरले दीर. त्यांचे दुसरे भाऊ विश्वनाथ पुढे लष्करप्रमुख झाले. आजवरच्या २१ परमवीर चक्रांपैकी १४ मरणोत्तर आहेत. म्हणजे बहुतेक वेळा ही हाडं घ्यायला घरातलंच कुणीतरी पुढे झालं.

१९५२ साली मेजर जनरल खानोलकर गेले. सावित्रीबाई १९९० पर्यंत जगल्या. ही ३८ वर्षं कोरायला वीरगळात चौकट नाही. त्या रामकृष्ण मठाकडे वळल्या. महाराष्ट्रातल्या संतांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. सेनापतीण म्हणून मिरवणं सोडून एका विधवेनं आपल्या मनाचं काम चालू ठेवलं, असं मी त्याकडे पाहतो.

सरकारी कागदांत मात्र सुवर्चा बराच काळ तशीच राहिली. शौर्यपदकासोबतचा मासिक भत्ता विधवेला मिळायचा, पण तिनं पुन्हा लग्न केलं की बंद. दिराशी लग्न केलं, तर चालू. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये निघाली. सावित्रीबाईंना जाऊन तेव्हा २७ वर्षं होत आली होती.