साठीनंतरचे मरण

खाणकामगाराचे मरण म्हटले की आपल्याला चासनाला आठवते. 27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळच्या त्या खाणीत पाणी घुसले आणि 375 माणसे गेली. पुढे त्यावरून ‘काला पत्थर’ हा चित्रपटही निघाला. अशी दुर्घटना स्मरणात राहायलाच हवी. सलते ते वेगळेच. खाणकामगार मरतो तो खाणीतच, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. बल्लारपूर, घुग्गुस, वणी, उमरेड या कोळसा खाणींच्या भागांत साठाव्या वर्षी निवृत्त झालेला, मुलांची लग्ने उरकून नातवंडांत रमलेला आणि मग जिना चढताना धाप लागून हळूहळू अंथरुणाला खिळलेला माणूस या समजुतीत कुठेच बसत नाही. त्याचे जाणे घरच्यांचे दुःख ठरते. खाणीशी त्याचा संबंध कुणी लावत नाही.

नोकरी संपणे आणि कामाचा परिणाम संपणे यांत फरक आहे. नोकरी ठरल्या तारखेला संपते. फुप्फुसात साचलेली कोळशाची धूळ मात्र तिथेच राहते, भोवतीच्या पेशींवर व्रण पाडते, आणि न्यूमोकोनिओसिस नावाचा हा विकार धुळीशी संबंध तुटल्यावरही वाढत जाऊ शकतो. तो बरा करणारे औषध नाही. 1952 च्या खाण कायद्यानुसार हा नोंद घेण्याजोगा रोग ठरवला गेला. म्हणजे कायद्याला तो ठाऊक आहे. तरीही व्यवहारात निवृत्तीची तारीखच निर्णायक ठरते. राष्ट्रीय कोळसा वेतन करारात सेवेत असताना मरण पावलेल्या कामगाराच्या अवलंबिताला नोकरीची तरतूद आहे. त्याच धुळीने, त्याच आजाराने तो निवृत्तीनंतर गेला, तर ती तरतूद लागू होत नाही.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते: चांगला पगार मिळाला, क्वार्टर मिळाले, पेन्शन मिळते, शिवाय तो बिडी ओढायचा, आणि म्हातारपणी कोण मरत नाही? यातला पहिला भाग मी मनापासून मान्य करतो. कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणापूर्वी गोरखपूरकडून भरती केलेले मजूर कोळसापट्ट्यात घरच्यांपासून दूर, छावण्यांत राहत. 1973 नंतर पगाराची शाश्वती आली, वसाहती वाढल्या आणि पाळी संपवून आपल्या मुलांकडे परतणे अधिक कामगारांना शक्य झाले. खाणकामगार संसारी माणूस झाला, ही या देशातली लहान गोष्ट नव्हे. पण पगार हा श्रमाचा मोबदला आहे. त्यात फुप्फुसाची किंमत कुणी धरली नव्हती. बिडीने दम लागतो हे खरे, पण कोळशाच्या धुळीने क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या गाठी बिडीने होत नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये व्यवसायजन्य आजाराने मृत्यू झाल्याचा संशय असेल, तर निवृत्तीला कितीही वर्षे झाली असली तरी प्रकरण मृत्यूचे कारण तपासणाऱ्या कॉरोनरकडे जाते. म्हणजे मृत्यूचा माग कामापर्यंत घेता येतो. तो घ्यायचा की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

म्हणून निवृत्त कामगाराच्या मृत्यूच्या नोंदीत त्याच्या खाणीतल्या वर्षांचा हिशेब यावा, अशी मागणी करावी असे मला वाटत होते. पण विचार पुढे नेला की ही मागणी तोकडी दिसू लागते. मेल्यानंतरच्या नोंदीने घरच्यांना न्याय मिळेल, त्याला श्वास मिळणार नाही. शिवाय मुले शिकावीत म्हणून वर्षानुवर्षे जाणूनबुजून खाली उतरलेल्या माणसाला केवळ बळी म्हणून नोंदवणे त्याच्या कर्तेपणावर अन्याय करणारे आहे. त्याचे देणे तो असतानाच फेडायला हवे. सेवेत असताना ठरावीक मुदतीने होणारी छातीची तपासणी निवृत्तीनंतरही, तो जिवंत आहे तोवर, खाण कंपनीनेच करावी. निवृत्त लोक छत्तीसगड, तेलंगणातल्या आपापल्या गावी पांगतात, त्यांना शोधणार कसे, ही अडचण टिकत नाही. पेन्शन चालू राहावी म्हणून तो दरवर्षी हयातीचा दाखला देतोच. तो जिवंत असल्याची खातरजमा करणाऱ्या व्यवस्थेला त्याचा श्वास कसा चालला आहे, हेही त्याच वेळी विचारता येईल, आणि विचारणे तिचे कर्तव्य आहे.