नोंद होईपर्यंत

ओहोटी लागली आहे. अलिबागच्या वाळूत बसा, पाठ सुरूच्या झाडांकडे, तोंड कुलाबा किल्ल्याकडे. पाणी इतकं मागे गेलंय की लोक चालत किल्ल्यात जाऊन येतायत. खिशातलं मेमरी कार्ड काढा आणि तळहातावर ठेवा. १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद, जाडी जेमतेम १. वाऱ्यानं उडेल, म्हणून मूठ मिटा. डोळे मिटले तरी चालेल.

हे कार्ड आपल्याला जागं करायचं आहे. घाई नको. पहिल्याच भेटीत पूर्ण वेगानं बोलायला गेलात तर ते ओळख देत नाही. सुरुवातीला क्लॉकचे ठोके सेकंदाला ४ लाखांच्या आतच हवेत. आपल्याला ते वादळ वाटतं, त्याला ती जांभई. चिप सिलेक्टची, म्हणजे कार्डाला हाक मारायची, तार वर ठेवा आणि नुसते ठोके द्या, किमान ७४. काही मागू नका, काही सांगू नका. मग तार खाली, आणि शून्य क्रमांकाची आज्ञा: भानावर ये. उत्तरात ०१ आलं तर ते जागं झालंय, पण अजून अंथरुणातच. आता विचारत राहायचं. तयार झालास? अजून नाही. तयार झालास? अजून नाही. ०० आलं की झालं. पहिल्या वेळी मी एकदाच विचारून गप्प बसलो होतो, आणि दोन संध्याकाळी विनाकारण सोल्डरिंग तपासण्यात घालवल्या.

आता आत उतरा. आत फाइल नावाची वस्तूच नाही. ५१२ बाइटचे तुकडे आहेत, खाचरं असावीत तसे एकाला लागून एक, आणि प्रत्येकाला फक्त नंबर. अर्दुइनो उनोसारख्या बोर्डावरच्या मायक्रोकंट्रोलरची रॅम सगळी मिळून २ किलोबाइट. एक तुकडा उचलला की पाव घर भरलं. त्यामुळे तो एका वेळी एकच खाचर बघतो, ते ठेवतो, मग पुढचं. तुम्हीही तसंच बघा.

फाइल सिस्टीम म्हणजे या खाचरांचं दप्तर. डिरेक्टरीत फाइलचं नाव, ती तुकड्यांच्या कुठल्या गटापासून सुरू होते तो नंबर, आणि आकार. पुढची वाट फॅट सांगतं, म्हणजे फाइल अ‍ॅलोकेशन टेबल: याच्यानंतर तो, त्याच्यानंतर अमुक, आणि इथे संपलं. फाइल पुसली म्हणजे काय होतं, तर नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथे ई५ हा आकडा बसतो आणि साखळी मोकळी होते. मजकूर जिथल्या तिथे असतो, दुसरं कोणी तिथे लिहीपर्यंत.

इथे थोडं रेंगाळू, कारण मी इथेच ठेचकाळलो.

खारेपाटातल्या एका उघाडीवर पाण्याची पातळी मोजायला मी असंच कार्ड घातलेला एक डबा बांधला होता. उघाडी म्हणजे खारबंदिस्तीच्या बांधातला दरवाजा. ओहोटीला तो आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडतो, भरतीला समुद्राच्या दाबानं आपसूक मिटतो. डबा दर १० मिनिटांनी एक आकडा लिहायचा. बांधावरचे काका म्हणाले, "पानी किती ते मला इचार ना." मी हसलो. तिसऱ्या रात्री बॅटरी संपली. घरी कार्ड लावलं तर फाइल होती, नाव बरोबर होतं, आकार शून्य बाइट.

मग कार्डाचे तुकडे एकेक करून कच्चे वाचले. आकडे होते! अगदी शेवटचे काही सोडले तर तीन दिवसांची भरती-ओहोटी तिथे पडून होती. जमीन कसलेली, पीक उभं, आणि सातबाऱ्यावर नाव नाही. चूक माझीच. फाइल उघडी ठेवून मी लिहीत गेलो. आणि आकार डिरेक्टरीत चढतो तो फाइल बंद केल्यावर, किंवा मध्येच सिंक करायला सांगितलं तर. प्रत्येक आकड्याला सिंक केलं तर ते बॅटरी खातं आणि कार्डही झिजतं. मी तासाला एकदा ठरवलं.

उठू नका, नुसती मान वळवा. इथून जवळच चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत कुलाब्याला १८४६ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची सलग मोजणी चालू होती. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहानं मोजणी बिघडणार, म्हणून काम १९०४ मध्ये अलिबागला आणलं. मुंबईच्या कुलाब्यातून कुलाबा जिल्ह्यात. जिल्ह्याचं नाव रायगड झालं १९८१ मध्ये. जुनी जागा मात्र लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे मोजत राहिले, म्हणजे इथला आकडा तिथल्या आकड्याला जोडता यावा. साखळीतला शेवटचा दुवा पुढच्याचा नंबर सांगून मगच थांबला.

त्याआधीचा, मुंबईच्या कुलाब्यातला एक दिवस मनात आणा: २ सप्टेंबर १८५९. तेव्हा डोळ्यानं पट्टी वाचून आकडा वहीत लिहायचे, एरवी तासाला एकदा, सुई अस्वस्थ झाली की दर काही मिनिटांनी. त्या दिवशी सौर वादळ धडकलं. क्षेत्राची आडवी तीव्रता जवळजवळ १,६०० नॅनोटेस्लानं घसरली, आणि समोरचा माणूस लिहीत राहिला. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच नोंदींवरून वादळाची ताकद ताडली. त्यांतले काही भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे होते. ती संस्था आज याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे. १४४ वर्षांनी वही उघडली, आणि आकार शून्य नव्हता.

मूठ उघडा. शेवटचा तुकडा कार्डाला द्या: आधी एफई ही खूण, मग ५१२ बाइट, मग तपासणीचे दोन. कार्ड म्हणेल, मिळालं. मिळालं म्हणजे लिहिलं नव्हे. त्यानंतर ते आपली उत्तराची तार खाली ओढून धरतं: कामात आहे. पाव सेकंदही लागू शकतो. तोवर बॅटरीला हात लावायचा नाही.

भरती लागली आहे. किल्ल्याकडून माणसं चपला हातात घेऊन परततायत. तार अजून खालीच आहे. बसा.